विश्लेषण : बिल्डर बुडाला, तर इमारत कोणाची? फ्लॅटधारकांपुढे मार्ग कोणते?

परभणीत वसमत रस्ता, जिंतूर रस्ता, गंगाखेड रस्ता या भागांत बैठ्या घरांच्या शेजारी तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. मुलांच्या शिक्षणासाठी पाथरी, मानवत, पालमहून शहरात आलेली कुटुंबे, शिक्षक, बँक कर्मचारी, कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले लोक अशा इमारतींत फ्लॅट घेतात. ज्यांना परवडते ते मुलाच्या नोकरीसाठी पुण्यातही एक फ्लॅट बुक करतात. बिल्डरचे व्यवहार सुरळीत असतात तोवर कोणी कागद तपासत नाही. मग एके दिवशी लिफ्ट बंद पडते, सामाईक मीटरचे बिल थकते, पाण्याची मोटर जळते आणि बिल्डरचा फोन लागत नाही. तो दिवाळखोरीत गेल्याचे नंतर कळते. अशा वेळी कायदा काय देतो आणि काय देत नाही, याविषयी.

डीएसके प्रकरणातून काय दिसले?

मराठी मध्यमवर्गाला दिवाळखोरी हा शब्द घराच्या संदर्भात पहिल्यांदा कळला तो पुण्याच्या डी. एस. कुलकर्णी डेव्हलपर्स या कंपनीमुळे. कंपनी मोठी होती, शेअर बाजारात नोंदलेली होती आणि तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांत मराठवाड्यातून पुण्यात गेलेली कुटुंबेही होती. ठेवी परत मिळत नसल्याच्या तक्रारींनंतर ऑक्टोबर २०१७ मध्ये पुण्यात गुन्हा दाखल झाला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये कुलकर्णी पती-पत्नीला अटक झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने, म्हणजे एनसीएलटीने, कंपनीला दिवाळखोरी प्रक्रियेत दाखल करून घेतले. कंपनी नव्या हातांत देण्याच्या योजनेला मंजुरी मिळाली जून २०२३ मध्ये.

कायद्यानुसार ही प्रक्रिया १८० दिवसांत, फार तर ३३० दिवसांत संपायला हवी. इथे पावणेचार वर्षे गेली. ज्यांनी कर्ज काढून फ्लॅट घेतला होता, त्यांचे हप्ते या काळात थांबले नाहीत. फ्लॅटधारक, ठेवीदार, बँका आणि तपास यंत्रणा अशा सर्वांचा हात एकाच मालमत्तेवर होता. त्या रांगेत आपण कुठे उभे आहोत, हे बहुतेक फ्लॅटधारकांना ठाऊक नव्हते. या प्रकरणाचा पहिला धडा हाच, की न्यायालयाची घड्याळे वेगळी आणि घराचा हप्ता, पाणी, वीज यांची घड्याळे वेगळी.

दिवाळखोरीत फ्लॅटधारकाचे स्थान काय?

नादारी व दिवाळखोरी संहिता २०१६ मध्ये आली, तेव्हा घर घेणाऱ्याला तिच्यात स्पष्ट जागा नव्हती. बँक ही धनको, सिमेंट पुरवणारा व्यापारीही धनको, पण पैसे भरून घराची वाट पाहणारा कोण, याचे उत्तर नव्हते. जेपी, आम्रपाली यांसारख्या दिल्लीजवळच्या प्रकल्पांतले हजारो लोक रस्त्यावर आणि सर्वोच्च न्यायालयात गेले. जून २०१८ मधील वटहुकमाने घर घेणाऱ्याला वित्तीय धनकोचा दर्जा दिला आणि ९ ऑगस्ट २०१९ रोजी पायोनियर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

या दर्जामुळे दोन गोष्टी मिळतात. पहिली, कर्जदात्यांच्या समितीत फ्लॅटधारकांचा प्रतिनिधी बसतो. फ्लॅटधारक मतदान करतात आणि बहुमत ज्या बाजूला जाते, त्या बाजूला सर्वांचे मत धरले जाते. दुसरी, फ्लॅटधारक स्वतः एनसीएलटीत अर्ज करू शकतात. मात्र डिसेंबर २०१९ पासून त्यासाठी एकाच प्रकल्पातील किमान १०० किंवा एकूण फ्लॅटधारकांपैकी १० टक्के, यांपैकी जे कमी असेल तेवढ्या लोकांनी एकत्र यावे लागते. थकीत रक्कमही किमान एक कोटी रुपये असावी लागते. ४० फ्लॅटच्या प्रकल्पात १० टक्के म्हणजे चार जण. एकट्याने मात्र हा दरवाजा उघडत नाही.

दर्जा मिळाला म्हणजे पैसे मिळाले, असे नाही. प्रक्रिया सुरू होताच स्थगिती लागू होते. त्या काळात कंपनीविरुद्धचे दावे, वसुली, ग्राहक आयोगातील तक्रारी, सारे थांबते. हातात राहतो तो आपला दावा निराकरण व्यावसायिकाकडे वेळेत नोंदवणे. जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते. घर घेणाऱ्यांनी दावा भरण्याचा नमुना ‘सीए’ या नावाने ओळखला जातो. पुण्यात फ्लॅट बुक करून परभणीत राहणाऱ्याला ती सूचना दिसतच नाही आणि मुदत निघून जाते. वर्गणीदारांच्या व्हॉट्सअॅप गटात राहणे इतक्यासाठी तरी उपयोगाचे असते.

२०२४ नंतर नियम बदलले का?

काही अंशी बदलले. एकाच कंपनीच्या दहा प्रकल्पांपैकी एक बुडाला की दहाही अडकत. फेब्रुवारी २०२४ मधील बदलांनी प्रत्येक प्रकल्पाचे बँक खाते वेगळे ठेवण्याची आणि प्रकल्पनिहाय योजना मागवण्याची सोय केली. त्याच महिन्यात अवसायनाच्या नियमांत आणखी एक कलम आले. ज्या फ्लॅटचा ताबा कंपनीने घर घेणाऱ्याला दिला आहे, तो कंपनी मोडीत काढताना विक्रीच्या मालमत्तेत धरायचा नाही. फेब्रुवारी २०२५ मधील बदलांनी प्रक्रिया चालू असतानाही, समितीच्या मंजुरीने, तयार फ्लॅटचा ताबा देण्याचा मार्ग मोकळा केला.

राहत्या फ्लॅटधारकासाठी यातील ताब्याचे कलम सर्वांत महत्त्वाचे. बिल्डर बुडाला म्हणून कोणी येऊन घर विकेल, ही भीती त्यामुळे कमी होते. पण ते कलम फ्लॅटबद्दल बोलते. जिना, गच्ची, पार्किंग, पाण्याची टाकी आणि खालची जमीन यांचे काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

परभणीतल्या बिल्डरला ही संहिता लागू होते का?

बहुतेक वेळा नाही, आणि हेच फार थोड्यांना माहीत असते. एनसीएलटीची प्रक्रिया कंपन्या आणि एलएलपी यांच्यासाठी आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी इमारत बांधणारा माणूस बहुधा स्वतःच्या नावाने किंवा दोघा-तिघांच्या भागीदारीत काम करतो. व्यक्ती आणि भागीदारी संस्था यांच्या दिवाळखोरीचा भाग संहितेत लिहिलेला आहे, पण कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्ती सोडल्यास तो अजून सर्वांसाठी लागू केलेला नाही. त्यामुळे अशा बिल्डरचे प्रकरण दिवाणी न्यायालयात आणि जुन्या नादारीच्या तरतुदींत फिरत राहते. तिथे ना कर्जदात्यांची समिती, ना फ्लॅटधारकांचा प्रतिनिधी, ना ३३० दिवसांची मुदत.

प्रत्यक्षात तर छोटा बिल्डर औपचारिक दिवाळखोरीपर्यंत जातही नाही. तो फक्त काम थांबवतो, देणेकरी टाळतो, दुसऱ्या शहरात जातो. कधी त्याचा मृत्यू होतो आणि वारसांत वाद लागतो. कागदावर तो बुडालेला नसतो, इमारतीसाठी मात्र असतो.

रेरा तरी लागू होतो का?

१ मे २०१७ पासून पूर्ण लागू झालेल्या रेरा कायद्याने खूप काही दिले. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवणे, ताबा लांबला तर व्याज किंवा परतावा, बांधकामातील दोषांची पाच वर्षे जबाबदारी, हे सारे त्यात आहे. प्रकल्पाची नोंदणी संपली वा रद्द झाली, तर उरलेले काम करण्याचा पहिला हक्क खरेदीदारांच्या संघटनेला आहे. महारेराने दिलेली वसुलीची रक्कम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते.

पण जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणी सक्तीची नाही. ५ हजार चौरस फुटांचा प्लॉट म्हणजे सुमारे ४६५ चौरस मीटर. परभणी, सेलू, गंगाखेडसारख्या शहरांत अशाच प्लॉटवर इमारती उभ्या राहतात. म्हणजे १२ फ्लॅटची इमारतही केवळ प्लॉट लहान म्हणून नोंदणीबाहेर राहू शकते. मुंबई-पुण्यासाठी जी किरकोळ सवलत, ती जिल्ह्याच्या गावात जवळपास नियम होऊन बसते.

मग परभणीच्या फ्लॅटधारकाकडे उरते काय?

उरतो तो राज्याचा १९६३ चा मालकी सदनिका कायदा, म्हणजे मोफा. तो जुना आहे आणि प्लॉट लहान म्हणून कोणाला सोडत नाही. त्याच्या जोडीला सहकारी संस्थांचा १९६० चा कायदा आणि त्यात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी आलेले स्वतंत्र प्रकरण. या दोन कायद्यांची कार्यालये मुंबईत नाहीत. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था हे कार्यालय परभणीतच आहे.

मोफानुसार फ्लॅटधारकांची संस्था स्थापन करण्यासाठी अर्ज करणे, संस्थेच्या नावे जमीन व इमारतीचे अभिहस्तांतरण करून देणे, ती होईपर्यंत कर, वीज, पाणी यांची देणी भरणे, ही बिल्डरची कर्तव्ये आहेत. संस्थेच्या स्थापनेसाठी वा देखभालीसाठी म्हणून घेतलेले पैसे त्याने वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि त्याच कामासाठी खर्च करायचे असतात. पावतीवर ‘मेंटेनन्स डिपॉझिट’ लिहून घेतलेली रक्कम ही बिल्डरची कमाई नव्हे. ती वेगळ्या खात्यात असेल, तर ती त्याच्या इतर देणेकऱ्यांची नाही, असे ठामपणे सांगता येते. एकदा ती त्याच्या धंद्यात मिसळली की शोधणे अवघड होते. म्हणून पहिल्या वर्षीच त्या खात्याचा हिशेब लेखी मागणे शहाणपणाचे.

बिल्डरशिवाय संस्था नोंदवता येते का?

येते. बिल्डर सही करत नाही म्हणून संस्था होत नाही, हा समज सर्वदूर आहे आणि तो चुकीचा आहे. बिल्डरने मुदतीत अर्ज केला नाही, तर फ्लॅटधारक ठरावीक बहुमताने सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतात. बिल्डरला नोटीस जाते, त्याला म्हणणे मांडण्याची संधी मिळते आणि तो आला नाही तरी नोंदणीचा आदेश होऊ शकतो. गृहनिर्माण संस्थेसाठी २०१९ पासून किमान पाच सदस्य पुरेसे आहेत, त्यामुळे सहा-आठ फ्लॅटच्या इमारतीलाही हा मार्ग खुला आहे.

आधी एक गोष्ट तपासावी लागते. इमारतीच्या पाटीवर ‘अपार्टमेंट’ लिहिलेले असते, पण बिल्डरने १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्र नोंदवले आहे का, हे दुय्यम निबंधक कार्यालयात पाहावे. नोंदवले असेल तर प्रत्येकाकडे फ्लॅटबरोबर जमिनीतील अविभक्त हिस्सा येतो, मालकांची संघटना होते आणि खर्च त्या हिश्श्याच्या प्रमाणात वाटला जातो. नसेल तर सहकारी संस्था हाच सरळ रस्ता. दोन्हींत काय फरक आहे हे न कळल्याने अनेक इमारतींत वर्षानुवर्षे काहीच होत नाही.

कागद जमवणे हे खरे काम. प्रत्येकाचा नोंदणीकृत करारनामा आणि इंडेक्स टू, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, जमीनमालक व बिल्डर यांच्यातील विकसन करार, मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र. बिल्डरने काही दिले नसेल, तर नकाशा व परवानगीची प्रत महापालिकेकडून किंवा नगरपालिकेकडून माहिती अधिकारात मिळते.

जमीन नावावर करणे इतके महत्त्वाचे का?

फ्लॅट नावावर झाला म्हणजे सारे झाले, असे मानून लोक थांबतात. पण अभिहस्तांतरण होईपर्यंत सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर जमीनमालकाचे अथवा बिल्डरचेच नाव असते. लहान शहरांत बहुधा जमीन एकाची, बांधणारा दुसरा असतो. बांधणारा बुडाला की जमीनमालक म्हणतो, गच्ची माझी, समोरची मोकळी जागा माझी. बँकेकडे जमीन गहाण असेल तर बँक येते. उद्या इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली, तर बोलणी कोण करणार, हाही प्रश्न येतो.

यावर राज्याने २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद केली. बिल्डर वा जमीनमालक खरेदीखत करून देत नसेल, तर संस्था जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करते. ते दोन्ही बाजू ऐकतात. कायद्याने त्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली आहे. मग ते प्रमाणपत्र देतात आणि बिल्डरच्या सहीशिवाय दस्त नोंदवला जातो. बिल्डर बेपत्ता असो, मरण पावलेला असो वा नादार, काम अडत नाही. जून २०१८ च्या शासन निर्णयाने कागदपत्रांची यादीही कमी केली. भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर स्वयंघोषणापत्र देऊन अर्ज करता येतो.

बिल्डर बुडण्याच्या आधी हे काम झालेले असेल, तर त्याच्या देणेकऱ्यांच्या यादीत ती जमीन येण्याचा प्रश्नच राहत नाही. नंतर केले तर वाद वाढतो. विशेषतः कंपनीवर स्थगिती लागू झाली असेल, तर अर्जापूर्वी निराकरण व्यावसायिकाला लेखी कळवून वकिलाचा सल्ला घ्यावा लागतो. जमीन गुंठेवारीतील असून नियमित झालेली नसेल, तर आधी तो प्रश्न सोडवावा लागतो. म्हणून ज्या इमारतींचा बिल्डर आजही फोन उचलतो, त्यांच्यासाठी हा अर्ज अधिक तातडीचा आहे.

संस्था होईपर्यंत पाणी, वीज, लिफ्ट कोणी पाहायचे?

कायद्याने बिल्डरने. पण तो नाही म्हणून कोणी अंधारात जिना चढत नाही. परभणीत उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो आणि नळाला ठरावीक दिवसांच्या अंतरानेच पाणी येते. बोअर आटला की टँकर, आणि टँकरचे पैसे कोणी द्यायचे यावरून भांडण. इथे इमारती तुटतात. तळमजल्यावरचा म्हणतो, मला लिफ्ट लागत नाही. कुलूप लावून पुण्याला राहणारा म्हणतो, मी पाणीच वापरत नाही. बिल्डरचे न विकलेले दोन फ्लॅट, त्यांचे कोणीच भरत नाही.

नोंदणी होईपर्यंतही एक हंगामी समिती, एक वही आणि प्रत्येक रुपयाची पावती, एवढे तरी हवे. पुढे बिल्डरकडून वसुली करायची झाली, तर सदस्यांनी त्याच्या वतीने काय भरले याचा हाच पुरावा ठरतो. रेरा नोंदणीकृत प्रकल्पात तर हस्तांतरापूर्वीची देणी बिल्डरने भरली नसतील, तर ती नंतरही त्याच्याच डोक्यावर राहतात, असे कायदा सांगतो.

संस्था झाली की वाटपाचे नियम आदर्श उपविधींत दिलेले आहेत, ते कोणाच्या मर्जीवर नाहीत. सेवाशुल्क सर्व फ्लॅटना समान. लिफ्टचा देखभाल खर्चही सर्वांना समान, वापर असो वा नसो. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर. सिंकिंग फंडासाठी बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधीसाठी ०.७५ टक्के दरवर्षी. फ्लॅट भाड्याने दिला असेल, तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. थकबाकीवर २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावता येते आणि तरी कोणी भरले नाही, तर संस्था निबंधकांकडून वसुलीचा दाखला मिळवू शकते. शेजाऱ्याशी रोजचे भांडण काढण्यापेक्षा हा दाखला सोपा असतो. न विकलेल्या फ्लॅटचा मालक म्हणून बिल्डरकडेही हीच मागणी करता येते.

नोंदणीचे प्रमाणपत्र हाती आले की सामाईक वीजमीटर आणि नळजोडणी संस्थेच्या नावावर करून घ्यावी. बिल्डरच्या नावावरचे बिल थकले आणि जोडणी कापली गेली, तर कोणाचे नाव होते यावर वाद घालत अंधारात बसावे लागते ते राहणाऱ्यांनाच.

पुण्यातल्या अडकलेल्या फ्लॅटसाठी परभणीतून काय करता येते?

महारेरात तक्रार ऑनलाइन करता येते आणि सुनावणीही दूरदृश्य प्रणालीने होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो तिथल्या आयोगात तक्रार करण्याची मुभा दिली. बिल्डरला दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल, तर परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. पुण्याच्या खेपा वाचतात. मात्र कंपनी एनसीएलटीत दाखल झाली की हे दोन्ही मार्ग गोठतात. रेराचा आदेश हाती असेल तरी दावा निराकरण व्यावसायिकाकडेच नोंदवावा लागतो. अशा आदेशाचा धारक इतर घर खरेदीदारांपेक्षा कमी दर्जाचा ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

बँकेचा हप्ता हा स्वतंत्र करार आहे. ‘ताबा मिळेपर्यंत हप्ता आम्ही भरू’ असे बिल्डरने सांगितले असले, तरी कर्जावर सही खरेदीदाराची असते. बिल्डरने भरणे बंद केले की बँक खरेदीदाराकडे येते आणि पत मानांकन त्याचेच बिघडते. हप्ता रागाने थांबवण्यापूर्वी बँकेशी लेखी बोलणे आणि आदेश मिळवणे, हा क्रम चुकवू नये.

अर्धवट प्रकल्प पुरे करण्यासाठी केंद्राने नोव्हेंबर २०१९ मध्ये २५ हजार कोटींचा ‘स्वामी’ निधी जाहीर केला आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी १५ हजार कोटींच्या दुसऱ्या निधीची घोषणा केली. पण तो रेरा नोंदणीकृत प्रकल्पांसाठी आहे. नोंदणीबाहेरच्या १२ फ्लॅटच्या इमारतीला त्याचा उपयोग नाही.

सरकारने काय करायला हवे?

गोरेगावच्या पत्राचाळीत ६७२ कुटुंबांनी पुनर्विकासासाठी २००८ च्या करारानंतर घरे सोडली. बिल्डरने काम पूर्ण केले नाही आणि शेवटी म्हाडाला ते हाती घ्यावे लागले. तिथे जमीन म्हाडाची होती, प्रकरण गाजले होते, म्हणून सरकार आले. परभणीच्या लहान इमारतीसाठी कोणी येणार नाही. तिथे तीन साध्या गोष्टी करता येण्याजोग्या आहेत.

पहिली, रेरा कायद्यानेच राज्य सरकारला ५०० चौरस मीटर आणि आठ फ्लॅटची मर्यादा खाली आणण्याचा अधिकार दिला आहे. लहान शहरांतील प्लॉटचे आकार पाहता तो वापरण्याची वेळ आली आहे. दुसरी, मानीव अभिहस्तांतरणाच्या मोहिमा राज्याने याआधी घेतल्या आहेत. त्या महानगरांपुरत्या न राहता जिल्हा उपनिबंधकांनी तालुक्याच्या ठिकाणी शिबिरे घेऊन इमारतनिहाय याद्या कराव्यात. तिसरी, महापालिका व नगरपालिकांनी बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतींची यादी उघड ठेवावी, म्हणजे घर घेणाऱ्याला माहिती अधिकाराचा अर्ज करत बसावे लागणार नाही. व्यक्ती आणि भागीदारी संस्थांच्या दिवाळखोरीचा थांबलेला भाग केव्हा लागू होणार, याचे उत्तर केंद्राने द्यायचे आहे.

पण या साऱ्याची वाट पाहत बसणे फ्लॅटधारकाला परवडणारे नाही. बुडालेल्या बिल्डरकडून पैसे परत मिळतील की नाही, हे त्याच्या हातात नाही. संस्था नोंदवणे, जमीन संस्थेच्या नावावर करून घेणे आणि हिशेब नीट ठेवणे, हे त्याच्या हातात आहे, आणि त्यासाठी बिल्डरच्या सहीची गरज नाही. या महिन्यात सर्व फ्लॅटधारकांची एक बैठक, सगळ्यांच्या करारनाम्यांच्या प्रती एका फाइलमध्ये आणि जिल्हा उपनिबंधक कार्यालयात एक खेप, इथून सुरुवात होते.